मामाजींना मी बांधीत सांडलं

माझ्या हातून आजवर बरंच काही सांडलंय, पण सासऱ्यांचा जीव सांडणारा जावई आमच्या सगळ्या गोतावळ्यात मी एकटाच. मुलं अजून सणासुदीला ही गोष्ट सांगायला लावतात, आणि त्याआधी माझ्यापुढचा पाण्याचा गडवा हळूच बाजूला सरकवतात.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. मी चांद्याला मास्तर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. चामोर्शीकडे माझे सासरे, मामाजी, वारले. तळ्यात जाळी टाकून जगणारी ती माणसं. त्यांच्याकडे रीत अशी, की तिसऱ्या दिवशी तळ्यावर जाऊन गेलेल्याला हाक मारायची. ओंजळीत पहिली जी मासोळी येईल तिच्यात त्याचा जीव. तिला गडव्यातून घरी आणायचं, निवद दाखवायचा आणि परत पाण्यात सोडायचं. निवद होईपर्यंत त्याच्या बायकोनं अन्नाला शिवायचं नाही. मामीजी तीन दिवस नुसत्या चहावर होत्या.

मामाजींना मुलगा नव्हता, म्हणून गडवा माझ्याकडे आला. आत्मा वगैरे मनाचे खेळ कसे असतात, हे आदल्याच दिवशी मी बायकोला सविस्तर समजावलं होतं. ती म्हणाली, "गडवा नीट धरजा म्हणजे झालं."

तळ्यावर बोटाएवढी मासोळी मिळाली. परतताना मंडळी झपाझप पुढे गेली. मी मागे, एका हातात धोतर, एका हातात गडवा. धानाच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, अरुंद धुऱ्यावर पाय घसरला, गडवा उलटला आणि मामाजी चिखलपाण्यात दिसेनासे झाले. मी गुडघाभर चिखलात चाचपडून एक मासोळी पकडली. तीच होती का? माशांचे चेहरे मला आजही ओळखू येत नाहीत.

घरी मामीजींनी गडवा देवापुढे ठेवला, पदर सावरला आणि आत डोकावून म्हणाल्या, "आले का जी? मी वाट पाहून राह्यली होती. भात निवला पाहा."

बोललो तर या बाईच्या तोंडचा घास जाणार. गप्प बसलो तर ती कुणा भलत्याचीच विचारपूस करणार, आणि तिचा नवरा तिकडे चिखलात. मनाच्या खेळावरचं माझं व्याख्यान ऐन वेळी कुठं गेलं कोण जाणे. निवद झाला. त्यांनी घास उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामीजी, मामाजी सांडले."

घास तसाच पानात परत गेला. बायकोनं कपाळाला हात लावला.

"कुठी सांडले?" मामीजींनी विचारलं.

"चिंचेजवळच्या बांधीत. ही दुसरीच असेल."

त्या माझ्या चिखलानं भरलेल्या धोतराकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या. "ते आपलीच बांधी होय जावईबापू! रोज तळ्यावरून येताना तेथंच बसत होते, पाणी पाहात. भात निवून जाये, मी हाका मारून थकत होती. तुमी काऊन भेता?"

त्यांनी पान उचललं, गडवा मुलीच्या हाती दिला. आम्ही सगळे चिंचेकडे गेलो. मामीजींनी त्या दुसऱ्या मासोळीला बांधीत सोडलं, "जा, सोबत होईल त्यायले," म्हणाल्या, आणि धुऱ्यावर बसून तीन दिवसांनी पोटभर जेवल्या.

मग मलाही सपाटून भूक लागली. जेवायला घरी परत जावं लागणार होतं. मामीजींनी मागं वळून बायकोला बजावलं, "याइचा हात धर वं. घसरतेत."