डबा पारखणारे साडू

माणसं हिरे पारखतात, बैल पारखतात, पोरीसाठी स्थळं पारखतात. पण प्लॅस्टिकचे डबे पारखण्यात अख्खी उमर घालवलेला माणूस उभ्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सरकारी कचेरीतली नोकरी सांभाळून ते घरी जांभळाची वाइन करायचे. गगनबावड्याकडून जांभळं आणायची, कुस्करायची, साखर घालून फसफसू द्यायची आणि मग गाळून दोन-तीन वर्षं मुरवत ठेवायची. करायला कुणालाही येते, मुरवायला डबा लागतो, असं त्यांचं मत. काचेची बरणी त्यांना वर्ज्य. का, तर म्हणे काच फुटते. खरं कारण असं, की काचेतून आतलं दिसतं आणि मेहुणीबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नजर तिखट होती.

डब्याच्या बुडाला त्रिकोण असतो आणि त्यात दोनचा आकडा असेल तरच तो डबा खानदानी, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. तेव्हापासून कुणाच्याही घरातली प्लॅस्टिकची वस्तू त्यांनी सुलटी राहू दिली नाही. आमच्याकडे चहाला आले आणि साखरेची बरणी उलटी केली. झाकण सैल होतं. एकदा सांत्वनाला गेलो, तर तिथंही समोर आलेला पाण्याचा जग उचलून, मान वाकडी करून खालून बघायला लागले. घरच्यांना वाटलं, हे रडू लपवतायत. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. डब्यात तोंड घालून हुंगायचं, अंगठ्यानं दाबायचं, कानाशी धरून वाजवायचं. शेवटी दुकानदार वैतागला. "पावणं, डबा घेताय का सोयरीक जुळवताय?"

"सोयरीक मोडता येतीय," साडू शांतपणे म्हणाले. "डबा चुकला तर अख्खं वरीस गेलं की!"

एवढं करून एका वर्षी चुकलेच. घरातल्याच एका डब्याच्या बुडाला दोनचा आकडा सापडला आणि ते हरखले. त्यात आधी कांदा-लसूण मसाला होता, हे काही आकडा सांगत नव्हता. चार पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला, पण वाइननं लसूण ओढला तो ओढलाच. ती त्यांनी आम्हाला तांबड्या रश्श्याबरोबर पाजली. रश्श्यापुढं कुणाला काही कळलं नाही, आणि त्यावरून डबा उत्तम असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढं त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली. "तीन वर्षांत येते, बाबा," म्हणाली. साडूंनी त्याच हंगामात जाड, पांढरा, नवा कोरा डबा आणून काठोकाठ भरला आणि जाहीर केलं, हा ती आल्यावर उघडायचा, बापलेक मिळून पिणार.

"पोरीला दारू पाजताय?" मेहुणीबाई कडाडल्या.

"दारू न्हाय ती. फळांचा रस हाय, जरा वयात आलेला."

मुलीला तिकडंच नोकरी लागली, मग लग्न झालं, मग मूल. दर वेळी पुढच्या वर्षी नक्की. डबा आपला फडताळात. मी टोचायचो, "अहो, प्लॅस्टिकमधून हवा शिरते, इतकी वर्षं नाही टिकणार ती. बाटल्यांत तरी भरा." हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, अख्ख्या गल्लीला तेच तर बजावत हिंडायचे. पण ती आल्याशिवाय झाकण काढायचं नाही, या हट्टापुढं सगळं शहाणपण गहाण पडलं होतं.

शेवटी ती आली, आठ दिवसांसाठी. साडूंनी झाकण फिरवलं आणि खोलीभर आंबट झणका सुटला, थेट व्हिनेगरचा. सगळ्यांच्या आधी त्यांच्या नाकाला कळलं असणार. तरी त्यांनी पेले भरले. मुलीनं डोळे मिटून एका दमात पेला रिकामा केला.

"मस्त झालीय, बाबा."

"खोटं बोलू नगंस," ते हसले. "शिरका झालाय त्याचा. पण डब्याला बोल लावू नको हां. त्याला मी तीनच वर्षांचं सांगितलं हुतं."

त्यांची थट्टा करायची मला जुनी खोड. त्या दिवशी मात्र मी माझ्या पेल्यातला शिरका शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. साडू डब्याचं झाकण परत लावत होते, आटे नीट जुळवून, सावकाश.