कुंभिवलीच्या आजीचं उघडं हसू

निनाद, ईरा, तुमची कुंभिवलीची आजी गेल्याचं बाबांनी तुम्हाला सांगितलं, तेव्हा ईराने विचारलं म्हणे, "ती हसायची ती आजी?" महिना उलटून गेला, तरी तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. होय गं, तीच. पण ते हसू तुमच्यापर्यंत कसं पोहोचलं, हे तुम्हाला ठाऊक नाही.

सुभद्राबाई, तुमच्या आईची आई, माझी विहीण. तरुणपणी त्या मशेरी लावायच्या. मशेरी सुटली, पण दात पिवळे राहिले. त्यामुळे हसू आलं की पदर तोंडावर. एकदा व्हिडिओ कॉलवर पदराआड त्यांचे खांदे गदगदले, तर ईरा घाबरून म्हणाली, "आजी, रडू नकोस!" मी शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, "विहीणबाई, पोरीला माजं हसणं रडणं वाटतंय गं... आता दात पांढरे करायचेच."

शिळफाट्याच्या डॉक्टरीणबाईंनी डाग घासून काढले आणि दातांच्या मापाचे पारदर्शक ट्रे करून दिले. त्यात पेरॉक्साइडच्या जेलचा थेंब घालायचा, तासभर ट्रे दातांवर ठेवायचा. सुभद्राबाईंनी ट्रे काठोकाठ भरला आणि सकाळी घातलेला जेवायच्या वेळी काढला. हिरड्या पांढऱ्याफटक! दवाखान्यात विचारलं, तर म्हणाल्या, "मुरायला नको? लोणच्याची बरणी कोन लगेच उघडतं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मावशी, हे लोणच्याच्या उलट आहे. औषधाचा जोर सुरुवातीलाच. लाळेने त्याचं पाणी आणि प्राणवायू होतो, तासाभरात बरंचसं संपतं. जास्तीचं ओघळून हिरड्या भाजतात. आणि बोललात की लाळ आत शिरते, औषध आणखी लवकर जातं. खालच्या ट्रेमधलं तर आधी."

"मंजे गप बसू?" सुभद्राबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

घरी ते जमेना, म्हणून त्या दुपारी माझ्याकडे खोपोलीला येऊ लागल्या. त्या गप्प, मी बोलतेय... आमच्या ओळखीत असं कधी घडलं नव्हतं. एकदा मी सांगितलं, की तुमचे बाबा सासरी पहिल्यांदा निघाले, तेव्हा आरशासमोर नमस्काराची तालीम करून गेले आणि तिथे शेजारणीच्याच पाया पडले. सुभद्राबाईंनी ट्रे ओढून काढला. "आनि ती बया अजून त्यांना जावईच म्हणते!"

"अहो, औषध गेलं ना!"

"जाऊ दे! पुडं सांगा!"

अखेर वरचे दात बरे उजळले, खालचे जरा पिवळेच राहिले. तरी पुढच्या कॉलला त्या पदर कमरेला खोचून बसल्या आणि निनादच्या कुठल्याशा माकडचेष्टेवर तोंडभर हसल्या. ईराने स्क्रीनला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुझा एक दात वाकडा आहे!" रंगाबद्दल अवाक्षर नाही! सुभद्राबाई आणखी मोठ्याने हसल्या. त्यानंतर पदर कधी वर गेला नाही.

परवा त्यांच्या सुनेने तो वरचा ट्रे मला आणून दिला. उजेडात धरला, तर वाकडा दात त्यात नेमका उमटलेला दिसतो. धुऊन, पुसून तुमच्याकडे पाठवते आहे. ईरा, आतून बोट फिरवून बघ.