मोठ्या चाकांची जीप आणि माझं लग्न

लढाई संपली, आणि लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी जीप दादानं आणली. आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला. वळीव पडला की काळ्या रानातली वाट पाय धरून ठेवायची. जीप दोनदा रुतली तसे आमचे वडील, आबा, म्हणाले, "बैलगाडीचं चाक थोर असलं की वढ हलकी. हिलाबी थोर चाकं घाल." दादा लष्करात मोटार हाकलेला, त्याला कळत नव्हतं असं नाही, पण आबांपुढं बोलायची टाप कुणाची? त्यानं मालमोटारीचे जाडजूड टायर मिळवले. वळताना ते पत्र्याला घासायला लागले, तर घण घालून पत्राच वाकवला!

त्याच जीपमधून मी नवरी म्हणून निघाले. लग्न आष्ट्याला, नवऱ्याच्या दारी. आबा आणि वऱ्हाड दोन दिवस आधीच बैलगाड्यांनी गेलेलं. नवरा फौजी, रजा दुसऱ्या दिवशी संपणार. मुहूर्त चुकला तर पुढची रजा कधी, देव जाणे. आणि मला तोच हवा होता. जत्रेत एकदाच बघितला होता, पण हवा होता. आता कशाला लाजू?

रात्री वळीव कोसळलेला. पण काय सांगू त्या चाकांचा थाट! गुडघाभर चिखलातनं जीप अशी निघाली की मी "हाण दादा!" म्हणून ओरडलेच. मागं रुखवत सांभाळत बसलेली आई म्हणाली, "अगं, नवरी हाईस न्हवं तू?"

मिरजेच्या पुढं पक्की सडक लागली आणि सगळं फिरलं. जीप सरळ म्हणून चालेना. कधी या कडेला, कधी त्या कडेला. दादा घामानं भिजलेला. स्टेअरिंग जात्यासारखं जड झालेलं. काटा तीस दाखवत होता, पण झाडं केवढ्या वेगानं मागं पळत होती! मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापतं आणि काट्याला त्याचा पत्ताच नसतो, हे दादानं नंतर सांगितलं. तेव्हा सांगायला काय झालं होतं?

सांगलीचा पूल मागं पडला. एका वळणावर समोर मेंढरांचा कळप, सडकभर. दादानं ब्रेक दाबला. जीप थांबायचं नावच घेईना.

"वढ गं! तुज्याकडं वढ!"

जीप अमेरिकन, म्हणून दादा डाव्या हाताला चालवायला, मी उजव्या हाताला. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि सगळा जीव लावून ओढलं. कडाकड आवाज झाला. जीप सडक सोडून मोकळ्या रानात उतरली आणि थांबली. मेंढरू एक मेलं नाही. माझ्या हातातला हिरवा चुडा मात्र पार गेला होता.

"बांगड्या वाढल्या," आई कुजबुजली आणि रडायला लागली. वाढल्या म्हणे! चांगल्या फुटल्या होत्या, मनगटातनं रक्त येत होतं. भरल्या चुड्याची नवरी आणि हात मोकळे; सासर काय म्हणेल? माझाही धीर सुटत होता. पण मी दादावरच खेकसले, "चल की! बघतोस काय?"

मांडवात पोचलो तेव्हा भटजी ताटकळले होते. नवा चुडा भरायला कुणाला उसंत नव्हती. आईनं माझे हात शालूच्या पदरात झाकले आणि मला पाटावर उभं केलं. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला, हार पडले. मग आबांनी माझा हात त्याच्या हातात दिला.

त्यानं खाली बघितलं. ओरखडे, सुकलेलं रक्त, तळव्याला आलेले फोड.

"लय दुखतंय का?" त्यानं हळूच विचारलं. माझ्याशी बोललेला त्याचा पहिला शब्द.

मी मान हलवून नाही म्हटलं. साफ खोटं. आणि हमसून रडायला लागले. बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय ना, रडू द्या पोरीला.