बंद खोलीतला बावन्न नंबर

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. राग मानू नका. आमच्या दौंडला रेल्वे क्वार्टर्सच्या मागं एक चिंचेचं झाड होतं. त्यावर जिन आहे म्हणून दिवेलागणीनंतर तिकडं कुणी फिरकायचं नाही. मी दहावीचा अभ्यास त्याच झाडाखाली केला, कारण अख्ख्या क्वार्टर्समध्ये तेवढी एकच जागा शांत होती. जिन काही भेटला नाही, मार्क मात्र बरे पडले.

तेव्हा मी कुठल्या मातीची आहे ते लक्षात ठेवून पुढचं वाचा. आणि खाली कुणी "ताई, आता तरी बसला ना विश्वास?" असं लिहू नका. नाही बसला.

२००९ चा उन्हाळा. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या फर्मसाठी दौंड-शिरूर भागातल्या डेअऱ्या, कारखाने यांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायचे. त्या पट्ट्यात हे काम करणारी दुसरी बाई मला तरी कधी भेटली नाही. गेटवरचे वॉचमन माझी बॅग बघून विचारायचे, "इंजिनिअर मागनं येतायत का?"

निमोण्याच्या अलीकडं एक खाजगी दूध डेअरी होती. नाव सांगत नाही. आता ती बंदही झालीय. तिथं एका दमदार सर्व्हरच्या पोटात तीन-चार संगणक चालायचे. स्वतःचा डबा नसलेले, पण काम अगदी खऱ्या संगणकासारखं करणारे. व्हर्च्युअलायझेशन म्हणतात ते हेच. या आतल्या संगणकांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडायला सॉफ्टवेअरमध्येच एक पूल बांधावा लागतो. त्याला म्हणायचं ब्रिज. पण हा सर्व्हर उन्हाळ्यात तापून मध्येच मान टाकायचा, म्हणून मी त्याच्या जोडीला दुसरा सर्व्हर बसवायला गेले होते.

सकाळचं दूध घेऊन झालं की संध्याकाळचं सुरू होईपर्यंत मला मोकळीक होती. दुधाचं वजन, फॅट, सगळं याच यंत्रणेवर चालायचं. संध्याकाळपर्यंत ती उभी राहिली नाही तर आसपासच्या गावांचं दूध गेटबाहेर, मे महिन्याच्या उन्हात... पुढचं तुम्हाला कळतंय.

नवा सर्व्हर सुरू झाला. वजनाचा संगणक त्याच्यावर हलवला. आतल्या आत सगळं ठणठणीत, पण ब्रिज ओलांडून बाहेर काही जाईना! सेटिंग तपासल्या, केबल बदलली, ब्रिज मोडून पुन्हा बांधला... ढिम्म. ॲडमिनचे जगदाळे साहेब दर थोड्या वेळानं दारात येऊन उभे.

"मॅडम, झालं का?"

"बघतेय साहेब."

"मघाशी पण तुम्ही बघतच होता."

शेवटी मी नेटवर्कच्या तारेवरून काय काय जातंय ते जसंच्या तसं दाखवणारा प्रोग्रॅम लावला. आणि स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा यायला लागली.

ती ओळ काय होती ते समजावं म्हणून थोडं सांगते. नेटवर्कवर एका मशीनला दुसरं शोधायचं असलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतं — अमुक नंबर कुणाचा आहे? मला सांगा. ज्याचा नंबर असेल तो म्हणतो, माझा आहे, मी इथं आहे. एकदा उत्तर मिळालं की हाक बंद होते. रोजचा, साधा प्रकार आहे.

इथं बावन्न नंबर हाक मारत होता आणि विचारत होता, दोनशे चाळीस कोण आहे?

दोनशे चाळीस म्हणजे माझा नवा सर्व्हर. तो नंबर मी त्याच दिवशी सकाळी एसटीत बसल्या बसल्या मनात ठरवला होता. सर्व्हरमध्ये टाकला तेवढाच, एरवी कुणाला बोलले नव्हते, कुठं लिहिला नव्हता. बरं, माझा सर्व्हर उत्तर देत होता. 'मी इथं आहे.' तेही स्क्रीनवर दिसत होतं. तरी बावन्न पुन्हा विचारायचा. पुन्हा उत्तर जायचं. पुन्हा हाक.

आणि बावन्न कोण? ते नेटवर्क मीच उभं केलं होतं, त्यामुळं पक्कं आठवत होतं. बावन्न नंबर जुन्या कोल्ड रूममध्ये तापमान बघायला ठेवलेल्या कॉम्प्युटरचा. नवी कोल्ड रूम झाल्यावर ती जुनी खोली बंद केली, तिची वीज तोडली आणि तो कॉम्प्युटर भंगारात गेला. त्याची हार्ड डिस्क मी माझ्या हातानं काढून दिली होती.

मला वाटलं, कुणीतरी शहाण्यानं लॅपटॉप लावून हाच नंबर टाकलाय. सगळ्या केबल जिथं एकत्र येतात त्या स्विचपाशी गेले. जुन्या कोल्ड रूमच्या केबलचा दिवा लुकलुकत होता. केबल उपसली, हाक थांबली. परत लावली, हाक सुरू. शेजारी डेअरीचे इलेक्ट्रिशियन संतोषभाऊ उभे होते.

"भाऊ, ही जुन्या कोल्ड रूमची ना?"

"व्हय. पर तिकडं करंट कुठंय ताई? मीच तोडलाय की."

पुण्याला आमच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "ती केबल काढून ठेव आणि आधी ब्रिज बघ. ते नंतर." सल्ला अगदी बरोबर होता. एरवी मीही तेच केलं असतं.

मग मी तरीही कशासाठी उठले? इथं बरेच जण लिहितात तसं माझ्या मनात काही चुकचुकलं वगैरे नाही. अंगावर काटा नाही, गार वारा नाही. मला राग आला होता! मी बांधलेल्या नेटवर्कवर मला न विचारता कुणीतरी ठाण मांडून बसलंय आणि माझ्याच सर्व्हरला सतावतंय... कोण आहे ते मला बघायचंच होतं.

जगदाळे साहेब दारात आडवे आले. "कुठं निघाला?"

"जुन्या कोल्ड रूमला."

"तिथं काय ठेवलंय? मॅडम, संध्याकाळी दूध दारात आलं आन् हे चालू नसलं, तर मी मालकाला सरळ तुमचं नाव सांगणार."

"सांगा. शेख म्हणून सांगा. नीट आठवणीनं सांगा." आणि मी त्यांच्या बाजूनं निघाले. संतोषभाऊ माझ्या मागं, आणि त्यांच्या मागं बडबडत जगदाळे.

जुनी कोल्ड रूम आवाराच्या पार टोकाला, रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांपलीकडं. जाडजूड थर्माकोल भरलेला पत्र्याचा दरवाजा, बाहेरून खटक्याचा दांडा. दांडा पडलेला होता.

"हे तर बंद हाय, ताई. हिकडं कोण येतंय?"

"उघडा."

"जाऊ द्या, मॅडम," मागनं जगदाळे म्हणाले, "तिथं उंदरं बी जात न्हाईत."

"भाऊ, उघडा म्हणते ना!"

संतोषभाऊंनी दोन्ही हातांनी दांडा वर ओढला. दरवाजा बाहेर यायला लागला आणि आतून असा कोंदट, उकडलेला वास आला की मी तोंडावर ओढणी धरली. दाराच्या आतल्या बाजूला, अगदी उंबऱ्याला लागून, एक माणूस पडला होता.

कोकरे आप्पा. वरवंडचे. पन्नाशी ओलांडलेले. डेअरीत क्रेट धुण्या-लावण्याचं काम बघायचे. सकाळी पाळी संपल्यावर भाचीच्या लग्नाला गावी जाणार होते, म्हणून ते दिसेनात तरी कुणालाच काही वाटलं नव्हतं. जायच्या आधी जुन्या खोलीतले चार चांगले क्रेट काढून ठेवावेत म्हणून आत गेले, वाऱ्यानं दार लोटलं, दांडा पडला. आतून उघडायची मूठ कधीच तुटून गेली होती. थर्माकोलच्या भिंती, वीज नाही, झरोका नाही. आतून कितीही ओरडा, बाहेर शष्प ऐकू येत नाही.

श्वास चालू होता. जगदाळ्यांबद्दल वर जे लिहिलं ते खरं आहे, तसं हेही खरं आहे — आप्पांना खांद्यावर घेऊन पहिले पळाले ते जगदाळेच. स्वतःच्या गाडीत घातलं, स्वतः चालवत शिरूरच्या दवाखान्यात नेलं. पायातली एक चप्पल तिथंच राहिली होती, तसेच गेले.

गाडी गेल्यावर मी पुन्हा त्या खोलीत शिरले. केबल शोधायची होती ना! सापडली. भिंतीच्या कडेनं आलेली, वरून चुना फासलेला. टोकाला काही नव्हतं. मशीन तर सोडाच, जॅकसुद्धा नाही. कुणीतरी कधीकाळी पक्कडीनं सरळ कापलेली, आणि कापलेल्या टोकावरही चुन्याचा थर. संतोषभाऊंनी टॉर्च मारून सगळे कोपरे बघितले. क्रेट होते. बाकी काही नाही.

सर्व्हरपाशी परत आले तेव्हा त्या केबलचा दिवा विझलेला होता. त्यानंतर बावन्न नंबर कधीच आला नाही.

ब्रिजचं कोडं मात्र सुटलं. नव्या सर्व्हरचा फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा रोखणारा पहारेकरी, ब्रिजवरून जाणारा डेटाही अडवत होता. एक सेटिंग बदलली आणि सगळं धडाधड सुरू झालं. संध्याकाळचं दूध वेळेवर घेतलं गेलं. तेव्हा कुणी मला "ताई, सगळा ब्रिजचाच घोळ असेल" असं सांगू नये. ब्रिजचा घोळ काय होता ते मला माहीत आहे. हा वेगळा होता.

"आप्पांचा हात तारांना लागला असेल" असंही मला बऱ्याच जणांनी ऐकवलंय. चुन्याखाली गाडलेल्या तुटक्या तारेला हात लावून कुणी नेटवर्कवर नीट पत्त्यासकट प्रश्न विचारू शकत असेल, तर त्या माणसाला आमच्या फर्मनं माझ्या दुप्पट पगारावर ठेवावं!

दोन दिवसांनी आप्पांना बघायला दवाखान्यात गेले. उशाशी त्यांची बायको आणि लग्नघरातून आलेले लाडू. मला बघून आप्पा उठायला लागले.

"पडून राहा आप्पा. बरं वाटतंय?"

"बरं हाय बाई. डोकं जड हाय जरा."

मी विचारणार नव्हते, पण राहवलं नाही. "आप्पा, आत काय करत होता तुम्ही?"

"काय करनार? हाका मारल्या. पयल्यांदा जगदाळे सायबाला. मंग संतोषला. मंग हिला. नंतर दमच लागला... कुनाचं नाव याद येईना. मंग आपलं नुसतंच — कोन हाय का, कोन हाय का — त्येवढंच चालू ठिवलं."

आप्पांनी पाण्याचा घोट घेतला.

"आन् एक सांगू का? तुमी हसशाल."

"नाही हसत."

"कुनीतर बोलायचं. मी हाक मारली की म्हनायचं — हाय, मी हितं हाय. दर टायमाला. म्हून तर वरडत ऱ्हायलो, न्हाईतर कवाच झोपलो असतो. पर येत न्हवतं कुनी."

"आवाज कसा होता? बाईचा, का..."

"तसं न्हाई सांगता यायचं," आप्पा म्हणाले. "आवाज म्हून न्हवताच त्यो. पर हाय म्हनायचं, येवढं खरं."

माझा सर्व्हर उत्तर देत होता, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून मी खाली रसवंतीच्या बाकावर बराच वेळ बसले. रस मागवला आणि तसाच ठेवून उठले.

पुढं डेअरीत लोकांनी जे करायचं ते केलं. स्विचच्या पेटीला हार घातला, नारळ फोडायला निघाले. मी म्हटलं, नारळ फोडा नाहीतर फोडू नका, आधी त्या दरवाजाला आतून मूठ बसवा. जगदाळ्यांनी त्याच आठवड्यात बसवली, नव्या खोलीलाही. अम्मीला दर्ग्यावर चादर चढवायची होती. मी म्हटलं, तुझी तू चढव, माझ्या नावानं नको. आणि पुण्याला सरांनी सुचवलं की रिपोर्टमध्ये 'केबल तपासताना आढळले' एवढंच लिही, लोक हसतील. मी पाहिलं ते सगळं लिहिलं. हसले लोक. हसू देत.

मी अजूनही याच कामात आहे. पुष्कळ ब्रिज बांधले, पुष्कळ बिघडलेले दुरुस्त केले. माझ्याहून हुशार माणसांना हा किस्सा सांगून बघितला. कुणी म्हणालं मेमरीतला जुना डेटा, कुणी म्हणालं स्विचचा बिघाड, कुणी सरळ म्हणालं तुला भास झाला. संतोषभाऊंनाही तोच भास? आणि दोनशे चाळीस? बरं, समजा बिघाड म्हणा. माझं काही म्हणणं नाही. भूत म्हणू नका, देव म्हणू नका, मी दोन्ही ऐकून घेणार नाही. पण 'काहीच नव्हतं' असं मात्र माझ्यासमोर म्हणू नका. कोकरे आप्पा अजून वरवंडात हिंडतायत.

ते काय होतं, मला माहीत नाही. माझ्याकडं उत्तर नाही आणि आता ते मिळेल असंही वाटत नाही. समजलं नाही, एवढं मी मान्य करते. पण समजत नाही म्हणून खुर्चीतून उठायचंच नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.