बक्षिसाचा ब्लाउज

माझी शाळा चौथीतच सुटली. पण शिवणवर्गाला पाटी लागत नाही, म्हणून धीर करून नाव घातलं. तेव्हा आम्ही कोपरला राहायचो आणि महिला मंडळाच्या खोलीत दुपारी वर्ग भरायचा. मला कटिंग शिकायचं होतं. जिला कापता येत नाही, तिच्याकडे ब्लाउज शिवायला कोण टाकणार?

सुरुवातीला बाई प्रत्येकीच्या हातात आळीपाळीने कात्री द्यायच्या. मग त्यांनी स्पर्धा लावली. तिघी-तिघींचे गट, ज्या गटाचा ब्लाउज उत्तम त्या तिघींना स्टीलचे डबे. त्या दिवसापासून आमच्यात कामं वाटली गेली. कल्याणहून येणारी कापायची, माझी शेजारीण मशीन चालवायची आणि माझ्याकडे हुक नि काज. मी कात्रीकडे बघितलं की शेजारीण म्हणायची, "अगं, आधी डबे घरी येऊ देत. मग काप काय कापायचं ते." मी मान हलवायचे. स्पर्धेनंतर वर्ग जेमतेम आठवडाभर उरणार होता, हे कोणाला सांगायला तोंड उघडत नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी कल्याणची आलीच नाही. मुलगा तापाने फणफणलाय, असा निरोप आला. बाई "सुरू करा" म्हणाल्या. शेजारच्या टेबलावर कात्र्या चालायला लागल्या.

"घे ना," शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली.

"चुकलं तर?"

"चुकू नकोस. मला तर तेवढंही येत नाही."

मी खडूने आखलं आणि कापायला घेतलं. पुढचे भाग आणि पाठ नीट निघाली. बाह्यांना मात्र घाईत कापड दुमडायचं राहिलं. एक बाही कापली आणि तीच वर ठेवून दुसरी कापली. जोडायला घेतल्यावर कळलं, दोन्ही उजव्याच. कापड छापील, उलटवताही येईना, आणि डावीपुरतं उरलंही नव्हतं.

शेजारणीने मशीन थांबवलं. "आता दोन उजवे हात असलेली बाई शोधून आण!"

बाकीच्या हसल्या. डबे दुसऱ्या गटाला गेले. घरी जाताना ती जिन्यापर्यंत माझ्या पुढे पुढेच चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी जाऊच नये असं वाटत होतं. तरी जुन्या साडीचा तुकडा पिशवीत घालून गेले, आखून घेतलं आणि कात्री उचलली. शेजारणीने मशीनवरून एकदा पाहिलं. ती आता अडवेल म्हणून मी थांबले. पण माझ्या चुकण्याने आता तिचं काही जाणार नव्हतं. ती परत खाली बघून शिवायला लागली. मी दुपारभर कापत राहिले.