दुसरं व्हायोलिन

लिओकाडिओचं तोंड फटकळ आणि हात गोड, असं मोरासानच्या डोंगरात सगळेच म्हणतात. दिवसभर मक्याच्या शेतात राबायचं आणि कुणाकडे सण असो की मयत, व्हायोलिन काखोटीला मारून हजर व्हायचं, असं त्याचं आयुष्य गेलं. लढाईची वर्षं तेवढी वेगळी. तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ नेफ्ताली बंडखोरांबरोबर रानात होते. एका खांद्याला बंदूक, दुसऱ्याला व्हायोलिन. नेफ्ताली एकदा तारा आणायला खालच्या बाजारात गेला, तो परत आलाच नाही.

प्रेत मिळालं नाही, म्हणून त्यांच्या आईनं, त्रान्सितोनं, त्याच्या नऊ रात्रींच्या प्रार्थना केल्या नाहीत. त्या मेलेल्यासाठी असतात. ती रोज प्रार्थना करायची, पण वाटेवर असलेल्या जिवंत माणसासाठी करतात तशी, आणि दाराला कुणाला कडी लावू द्यायची नाही. लढाई संपली, समेट झाला, म्हातारीची दृष्टीही गेली, तरी दार उघडंच.

आता, आमच्याकडच्या वाजवण्याला दोन व्हायोलिनं लागतात. पहिलं पुढे चालतं, दुसरं त्याचा हात धरून खालून येतं. लिओकाडिओचा जुना साथीदार वारल्यावर चोननं दुसरा शोधून आणला. हा चोन माणसाएवढं ढब्बं, खर्जातलं बास वाजवतो. त्या वाद्याला आमच्यात डुकरीण म्हणतात, आणि चोनची बायको म्हणते की घरात दोन आहेत. त्यानं आणलेला माणूस खालच्या गावचा विल्फ्रिडो. एकेकाळचा सरकारी फौजेतला शिपाई.

"शिपाई? माझ्या शेजारी?" लिओकाडिओ कडाडला. "त्यापेक्षा गाढव बसव!"

"गाढवाला सूर नसतो, गड्या. याला आहे," चोन म्हणाला.

सूर होता, ही खरी पंचाईत. काही वर्षं दोघं मांडीला मांडी लावून वाजवत राहिले, पण बोलणं सगळं चोनमार्फत. "त्याला सांग, जरा हळू." "त्यांना सांगा, ऐकलं." लढाईतली गाणी दोन्हीकडची बंद, असा अलिखित करार होता. शिवाय एक जुनी पोल्का, नाचाची चाल, लिओकाडिओ कधीच घेऊ देत नसे. ती नेफ्तालीची आवडती.

मे महिन्यात क्रुसाच्या सणाला अंगणाअंगणात लाकडी क्रूस उभा राहतो, रंगीत कागद, आंबे आणि नारळ लावून. येणाऱ्यानं आधी गुडघे टेकायचे, मग फळ उचलायचं. आमची मंडळी वाजवत वाजवत दुपारी त्रान्सितोच्या अंगणात पोचली. म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती.

"आज ती पोल्का वाजवा," ती म्हणाली. "पुढच्या सणाला मी असेन, नसेन."

"आई, दुसरं काही सांग ना."

"दुसरं मी मेल्यावर वाजव. मला ती हवी."

आईपुढे लिओकाडिओचं काय चालणार? त्यानं गज उचलला. दोन फेऱ्या नीट गेल्या. तिसऱ्या फेरीत चाल एकदम वर चढते. तिथं दुसरं व्हायोलिन चढायच्या ऐवजी गपकन खाली उतरलं.

लिओकाडिओनं गज थांबवला. ती चूक साऱ्या डोंगरात एकच माणूस करायचा. नेफ्ताली लहानपणी शिकला तेव्हा त्याच्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार तुटलेली होती आणि नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वर जायच्या जागी तो खाली जायचा. पुढे तार मिळाली, पण हाताचं वळण गेलं नाही. त्यावरून लिओकाडिओच्या किती टपल्या खाल्ल्या होत्या त्यानं.

दारातून म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. "नेफ्ताली? आलास का रे?"

लिओकाडिओनं विल्फ्रिडोला दंडाला धरून घरामागे नेलं आणि पहिल्यांदाच थेट विचारलं, "कुठं शिकलास?"

विल्फ्रिडो भिंतीला टेकला. "बराकीत. मला फुटबॉलच्या मैदानावरून उचलून भरती केलं होतं, मिसरूडही नव्हतं फुटलं. तुमच्या भावाला पकडून आणलं होतं. आमच्या साहेबाला वाजवणं आवडायचं, म्हणून त्याला ठेवून घेतला. माझा पहारा असायचा. तो मला शिकवायचा."

"आणि मग?"

"साहेबाची बदली झाली. पहाटे ट्रक आला. मला म्हणाले, दार उघड. मी उघडलं."

"कुठं नेलं?"

"नाही माहीत. आईची शपथ, नाही माहीत. ज्याला त्याला विचारलं मी. त्या ट्रकातून गेलेलं कुणी परत आलं नाही. तो म्हणायचा, माझा भाऊ पहिलं वाजवतो, त्याला दुसऱ्याशिवाय करमत नाही. म्हणून आलो मी तुमच्याकडे. रोज ठरवायचो, आज सांगू. जमलं नाही हो."

लिओकाडिओची मूठ वळली होती. समोरचा माणूस मार चुकवायचाही प्रयत्न करत नव्हता. इतकी वर्षं ज्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो, त्याच्याजवळ नेफ्तालीचे शेवटचे दिवस होते, आणि आपण मात्र "त्याला सांग, हळू" म्हणत राहिलो, हे आता लिओकाडिओला कळलं.

"मला नको सांगूस," तो कसाबसा म्हणाला. "दार तू उघडलंस ना? मग तिलाही तूच सांग."

विल्फ्रिडो म्हातारीसमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, दार उघडल्याचंसुद्धा. चोन डुकरिणीला धरून नुसता उभा होता. शेवटी म्हातारीनं एवढंच विचारलं, "जेवायला द्यायचे का रे त्याला?"

विल्फ्रिडोला खोटं बोलता आलं असतं. "कधी कधी," तो म्हणाला. "नसेल तेव्हा मी माझी भाकर द्यायचो. रोज नाही जमायचं."

तिनं चाचपडत त्याचा डावा हात शोधला आणि तारांनी घट्टे पडलेली बोटांची टोकं एकेक करून दाबून पाहिली. मग हात सोडला. तिचा आवाज सरळ होता. "लिओकाडिओ, शेजारी सांगून ये. उद्यापासून नऊ रात्री प्रार्थना. कॉफी लागेल, पानात उकडायच्या तामालेंना मका लागेल. आणि हा येईल वाजवायला."

एवढं बोलून ती रडायला लागली. त्या घरात नेफ्तालीसाठी असं मोकळं रडणं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

लिओकाडिओ कुंपणापाशी गेला. शेजारीण रेयना मका दळत होती.

"रेयना, आमचा नेफ्ताली गेला," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं.

तिनं जात्यावरचा हात थांबवला. छातीवर क्रूस काढला. "अरे देवा. कधी रे?"

लिओकाडिओनं मागे वळून उघड्या दाराकडे पाहिलं.

"आज," तो म्हणाला.