फिटरची पेन्सिल

ओझरला माझं सायकलचं दुकान आहे. विमानाच्या कारखान्यातला एक फिटर रोज सायकल माझ्याकडं ठेवायचा; नाव मी कधी विचारलं नाही. एका संध्याकाळी खिसा चाचपता चाचपता तो पांढराफटक पडला. डोक्यावर लढाऊ विमान घिरट्या घालत होतं.

“मिस्त्री, माझी पेन्सिल नाही. सकाळी त्याच विमानात वाकलो होतो.”

“पेन्सिलीनं विमान पडतं व्हय?”

“विमान वळवायच्या दांड्यात अडकली तर पडतं. फाटकावर जाऊन सांगतो, नोकरी गेली तरी चालेल.”

सायकलवर टांग टाकताना पेन्सिल त्याच्या विजारीच्या दुमडीतून खाली पडली. तरी विमान उतरेपर्यंत तो वरच बघत राहिला.

“आता कशाला भितोस?”

“रोजच भितो. आज तुम्हाला दिसलं.”

मी भित्रा नाही. पण विमान वर गेलं, की ते उतरेपर्यंत अजून माझ्या हातून पाना फिरत नाही.